तिसरा पाद : निमवैद्यकीय सेवक आणि तातडीबाहेरील आरोग्यसेवा
(पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात)

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी पहिल्या दोन पादांवर आपल्या परिषदा, चर्चासत्रे व लेख यांचा बहुतेक भर असतो. तिसऱ्या पादाचा, म्हणजे उपस्थात्याचा, विचार मात्र क्वचितच होतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याप्रमाणेच उपस्थात्याचेही चार गुण सांगितले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह आणि शुचिता. पंधराव्या अध्यायात तर शोधनोपक्रमापूर्वी कोणते परिचारक जवळ असावेत याची यादीच आहे. पेया-यूष सिद्ध करणारा, स्नान घालणारा, संवाहन करणारा, रुग्णास उठविणारा-निजविणारा, औषधी वाटणारा असे निरनिराळे कुशल सेवक तीत येतात. याचा अर्थ असा की प्रशिक्षित साहाय्यक ही कल्पना आपणांस परकी नाही. आजच्या भाषेत त्यालाच आपण निमवैद्यकीय सेवक म्हणतो.

प्रस्तुत लेखात या सेवकांचे कार्य केवळ अपघात व तातडीच्या प्रसंगापुरते न ठेवता दैनंदिन आरोग्यरक्षणापर्यंत कसे नेता येईल, याचा विचार आम्ही करणार आहोत.

अन्यत्र झालेले प्रयत्न

पाश्चात्त्य देशांत रुग्णवाहिकेवरील सेवकांस गावातील नित्याची आरोग्यसेवा सोपविण्याचा विचार गेल्या दोन-तीन दशकांत रुजला. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या दोन लहान बेटांवर डॉक्टर स्थिरावत नव्हते. तेथे रुग्णवाहिकेवरील सेवकांनी परिचारिकेच्या साथीने घरोघर जाऊन रक्तदाब तपासणे, जखमा बांधणे, वृद्धांची विचारपूस करणे ही कामे अंगावर घेतली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०११ साली अशा सामुदायिक सेवकांस कायद्याने मान्यता दिली. भारतातही २०२१ च्या राष्ट्रीय अधिनियमाने संलग्न आरोग्य-व्यावसायिकांच्या यादीत आपत्कालीन सेवेतील निमवैद्यकीय तंत्रज्ञांचा समावेश केला आहे.

महाराष्ट्राची गोष्ट थोडी निराळी आहे. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ वाहनांची योजना होती आणि त्यांवर तंत्रज्ञांऐवजी डॉक्टर नेमण्यात आले. त्यांत आपल्या बी.ए.एम.एस. पदवीधरांचा भरणा मोठा आहे. पुढे २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले, तेव्हा समुदाय आरोग्य अधिकारी या पदावरही सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन मोठ्या संख्येने आयुर्वेद पदवीधर घेतले गेले. २०२३ मध्ये या केंद्रांस आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. अर्थात जे काम परदेशात निमवैद्यकीय सेवक करतो, त्यातील बराच भाग आपल्याकडे वैद्यच करीत आहे. म्हणून खरा प्रश्न असा की, या वैद्याच्या हाताखाली आणि खाजगी चिकित्सकाच्या जोडीला गावपातळीवर कोण उभे राहणार?

महाराष्ट्राचा अनुभव

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे कार्य आरंभिले. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवली होती. परंतु खेड्यात एकट्याने राहून काम करणे त्यांना जमेना. तेव्हा गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना शिकवून तयार करण्यात आले आणि त्याच त्या प्रकल्पाचा कणा ठरल्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यदूतांकरवी नवजात बालकांची घरीच शुश्रूषा केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात-मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. हीच पद्धती २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर लागू करण्यात आली.

आपल्या जिल्ह्यालाही असा वारसा आहे. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील कासा येथे डॉ. पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली माता-बालसंगोपन व पोषणाचा प्रकल्प चालला. त्यात गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्या बालकांची वजने घेत आणि ज्यांस धोका अधिक अशी बालके वेगळी काढून त्यांच्याकडे विशेष लक्ष पुरवीत. सर्वांना सारखे औषध वाटण्याऐवजी धोक्यातील व्यक्ती वेळीच ओळखणे, हे त्या पद्धतीचे मर्म होते. आजही ते तितकेच उपयोगी आहे.

आपल्या परिसराची गरज

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा आठ तालुक्यांचा आहे. पश्चिमेस सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी अशी मच्छीमारांची गावे, मध्ये रेल्वेमार्गावरील पालघर-बोईसर व तारापूर औद्योगिक वसाहत, आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगरी पाडे. तिन्ही ठिकाणच्या व्याधी निराळ्या असल्या तरी अडचण एकच आहे. रुग्ण आपल्यापर्यंत येतो तो उशिरा, आणि आल्यावर टिकत नाही.

वसाहतीतील कामगार पाळी बुडेल म्हणून त्वचेवरील चकंदळे व कास-श्वास महिनोन्‌महिने अंगावर काढतो. गावाहून आलेला परप्रांतीय कामगार सणाला घरी गेला की रक्तदाबाच्या गोळ्या खंडित होतात. पूर्वेकडील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व रेतीच्या कामांवर स्थलांतर करतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. स्थलांतराचा काळही जवळपास तितकाच. मग तो उपचार पुरा कसा व्हावा? येथे अधिक बलवान औषधाने काम होणार नाही. रुग्णाचा माग ठेवणारा माणूस हवा. तो नसेल तर पाच वर्षे न तपासलेला रक्तदाब पक्षाघात होऊनच आपल्या दारी येतो आणि मग आपली चिकित्सा केवळ शेष आयुष्य सावरण्याची उरते.

काय सोपवावे

आमच्या मते पुढील कामे प्रशिक्षित सेवकाकडे निःशंकपणे देता येतील :

१) रक्तदाब, वजन, नाडीगती, तापमान व बोटाच्या थेंबावरील रक्तशर्करा यांची नोंद ठेवणे.

२) मधुमेही रुग्णाचे पाय दर भेटीत पाहणे, कारखान्यातील बुटांमुळे झालेला लहान व्रणही कळविणे.

३) क्षय, रक्तदाब, मधुमेह यांची चालू औषधे खंडित न होऊ देणे व स्थलांतर करणाऱ्याच्या हाती औषधाची नोंद देऊन पाठविणे.

४) अतिसारात क्षारसंजीवनी व पेज सुरू करणे. बालकांस जस्ताची गोळी चौदा दिवस पूर्ण होते की नाही हे पाहणे.

५) संधिवाताच्या वृद्ध रुग्णांस वैद्याने सांगितलेले स्थानिक अभ्यंग व स्वेदन घरी देणे, तसेच पथ्यापथ्य समजावणे. नाचणी, तांदळाची पेज, मूग या स्थानिक आहाराच्या चौकटीतच पथ्य सांगावे, म्हणजे ते पाळले जाते.

काय सोपवू नये

व्याधीचे निदान, औषधयोजना बदलणे, रसकल्प देणे, बस्ती-वमनादी शोधन आणि सूचिकाभरण ही कामे सेवकाकडे कदापि देऊ नयेत. तसेच पुढील लक्षणे दिसताच त्याने घरगुती उपाय न करता रुग्ण पाठवावा, हे त्याला तोंडपाठ असले पाहिजे : रक्तदाब १८०/११० किंवा अधिक, छातीत दुखणे, एकाएकी तोंड वाकडे होणे वा अवयव लुळा पडणे, गर्भिणीस सूज, तीव्र डोकेदुखी वा अंधारी, बालकाचा वेगवान श्वास (दोन महिन्यांखाली मिनिटास ६० वा अधिक, एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक), भातलावणीच्या दिवसांत ज्वरासह कावीळ वा मूत्राल्पता.

दोन प्रसंगांचा उल्लेख स्वतंत्र केला पाहिजे. सर्पदंशात रुग्णास न चालविता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, सर्पविषप्रतिबंधक लस असलेल्या रुग्णालयात नेणे हाच मार्ग होय. पाळामुळांत वेळ दवडू नये. डोळ्यांत रसायन उडाल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. तूप, मध, गुलाबपाणी काहीही घालू नये. वसाहतीतील प्रथमोपचार जाणणारे कामगार या कामी उपयोगी पडतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी व तिच्यासाठी प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती यांचे बंधन घातले होते. हा तयार मनुष्यवर्ग आपण आपला मानावा.

औषधालय-चालकांचे कर्तव्य

आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र विक्री-परवाना लागत नाही. म्हणूनच औषधालय-चालकाची नैतिक जबाबदारी अधिक आहे. औषध नियमावलीच्या ई-१ परिशिष्टात वत्सनाभ, भल्लातक, कुचला, धत्तूर, जयपाल, पारद, हिंगूळ, हरताळ आदी द्रव्यांची नोंद आहे. ती असलेले कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. सेवकाच्या तोंडी सांगण्यावरून असे कल्प देऊ नयेत. उलट, जो रुग्ण दरमहा औषध नेत होता तो दोन महिने फिरकला नाही, हे सर्वप्रथम औषधालयातच कळते. ती नोंद वैद्याकडे वा आशा स्वयंसेविकेकडे गेली, तर औषधालय हेही सेवेचे एक केंद्र बनेल.

एक आक्षेप

काही वैद्यबंधू म्हणतील की यातून नवे भोंदू निर्माण होतील; आज रक्तदाब मोजणारा उद्या पाटी लावून बसेल. ही भीती निराधार नाही. परंतु तिचे मूळ प्रशिक्षणात नसून देखरेखीच्या अभावात आहे. जामखेड व गडचिरोली येथे सेवकाचे काम नियमितपणे तपासले जाई, त्याची मर्यादा निश्चित होती आणि तो गावाला उत्तरदायी होता. आपणही प्रत्येक सेवकामागे एक नामनिर्दिष्ट वैद्य, एक नोंदवही आणि महिन्यातून एक बैठक एवढे पथ्य पाळले पाहिजे. सेवकाचे मानधन औषधविक्रीशी जोडू नये. तसे झाल्यास त्याचे लक्ष रुग्णावरून बाटलीवर जाईल. तसेच १०८ ची वाहने या कामासाठी अडकवू नयेत. ती तातडीसाठीच मोकळी राहिली पाहिजेत.

आमची सूचना इतकीच आहे की, प्रत्येक सदस्याने आपल्या परिसरातील एक पाडा, एक चाळ किंवा एक कोळीवाडा निवडावा, तेथील आशा स्वयंसेविका व समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याशी संपर्क साधावा आणि चाळिशीवरील सर्वांचा रक्तदाब एकदा नोंदवून घ्यावा. ज्यांचा वाढलेला आढळेल त्यांची पुन्हा तपासणी करवून, त्यांतील किती जण सहा महिन्यांनंतर उपचारात टिकून आहेत हे मोजावे. तिसऱ्या पादाचे बल किती, हे त्या आकड्यावरून आपणांस कळेल.