जुन्या संगणकाला बिनतारी जोड

परभणी जिल्ह्यातील अनेक माध्यमिक शाळा, ग्रामपंचायती व सहकारी संस्थांच्या कार्यालयांत दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक आजही आढळतात. काही संगणक शाळांना केंद्र व राज्य शासनाच्या आयसीटी योजनेतून मिळाले, तर काही २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या 'संग्राम' प्रकल्पाच्या काळात ग्रामपंचायतींत आले. यांतील पुष्कळ यंत्रे बिघडलेली नाहीत. त्यांवर पत्रे टंकलिखित होतात, हिशेबाचे तक्ते तयार होतात, विद्यार्थ्यांना सराव करता येतो. तरीही ती कोपऱ्यात झाकून ठेवलेली दिसतात. याचे एक प्रमुख कारण असे की, गावातील इंटरनेट आता बहुतांशी बिनतारी स्वरूपात उपलब्ध असते आणि त्या लहरी ग्रहण करणारा भाग या जुन्या यंत्रांत बसविलेलाच नसतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, पीक विम्याची नोंदणी, परीक्षेचे प्रवेशपत्र ही सर्व कामे आज संगणकावरून होतात. गावातील यंत्र निरुपयोगी ठरले की, विद्यार्थ्याला अथवा शेतकऱ्याला गंगाखेड, जिंतूर, पाथरी किंवा सेलू गाठावे लागते. त्यात दिवसाची मजुरी बुडते आणि अंतिम तारीख जवळ आली असेल तर संधीही हुकते. काही शे रुपयांचा एक लहानसा यूएसबी अडॅप्टर ही अडचण पुष्कळ अंशी दूर करू शकतो. मात्र तो समजून घेऊन निवडला व बसविला, तरच खर्च सार्थकी लागतो.

बिनतारी जोडणी म्हणजे काय?

'वाय-फाय' या नावाने परिचित असलेली पद्धत ही रेडिओ लहरींवर आधारलेली आहे. तिचे ८०२.११ हे मूळ प्रमाण १९९७ मध्ये निश्चित झाले. त्या वेळी तिचा कमाल वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो ११, २००३ मध्ये याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ५४ मेगाबिटपर्यंत गेला आणि २००९ च्या 'एन' प्रमाणानंतर शेकडो मेगाबिटचा टप्पा गाठता आला. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा लहरपट्टा २००५ मध्ये परवान्याच्या अटीतून मुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्‌झमधील विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला. त्यामुळेच शाळेला किंवा घराला राउटर बसविण्यासाठी स्वतंत्र परवाना काढावा लागत नाही.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट व्हावयास हवी. अडॅप्टर स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. तो संगणकाला जवळच्या राउटरशी किंवा भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटशी जोडतो, इतकेच त्याचे कार्य. गावापर्यंत येणारा मूळ प्रवाह निराळा असतो. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे काम हाती घेण्यात आले. काही गावांत खाजगी सेवादारांची जोडणी असते, तर काही ठिकाणी मोबाइल मनोरा हाच एकमेव आधार असतो. हा मूळ प्रवाहच बंद असेल, तर उत्तम अडॅप्टरही उपयोगी पडत नाही.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व सहज उमगेल. कालवा कितीही रुंद असला, तरी शेतात पडणारे पाणी शेवटच्या चारीच्या मापाने ठरते. आणि कालव्यातच पाणी नसेल, तर चारी रुंद करून लाभ होत नाही. संगणकाचा वेगही साखळीतील सर्वांत मंद कडीवर अवलंबून असतो.

निवड करताना

सर्वप्रथम संगणकाची यूएसबी खोबण कोणत्या पिढीची आहे, हे पाहावे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा सैद्धांतिक वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. २००८ च्या यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट. दुसऱ्या प्रकारच्या खोबणीच्या आत पुष्कळदा निळी पट्टी असते. संगणकात केवळ २.० ची खोबण असेल, तर अतिवेगवान व महाग अडॅप्टर घेणे व्यर्थ होय.

दुसरी बाब वेष्टनावरील आकड्यांची. 'एसी ६००' असे लिहिलेला अडॅप्टर सेकंदाला ६०० मेगाबिट देतो, असा समज होतो. वस्तुतः तो आकडा दोन लहरपट्ट्यांच्या कमाल वेगांची, म्हणजे सुमारे १५० व ४३३ यांची बेरीज असून ती वर पूर्णांकित केलेली असते. एका वेळी एकच पट्टा वापरला जातो व प्रत्यक्ष वेग कागदावरील वेगाच्या निम्म्याच्या आसपास राहतो. तथापि अर्ज भरणे, उतारा काढणे, पाठ पाहणे यांसाठी तेवढा वेग पुरेसा असतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे चालक आज्ञावली, अर्थात ड्रायव्हर. अडॅप्टरमधील चिप व संगणकाची कार्यप्रणाली यांच्यात ती दुभाष्याचे काम करते. आपल्या कार्यप्रणालीसाठी ती उपलब्ध आहे काय, हे दुकानदाराला खरेदीपूर्वीच विचारावे. अलीकडचे अनेक अडॅप्टर केवळ विंडोज १० व ११ साठीच आज्ञावली पुरवितात. लायनक्स वापरावयाचे असल्यास कोणत्या कंपनीचे नाव वेष्टनावर आहे, यापेक्षा आत कोणती चिप आहे, हे अधिक निर्णायक ठरते.

अगदी लहान, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड अडॅप्टर एकाच खोलीत राउटर असल्यास पुरतो. दोन भिंतींपलीकडून लहरी घ्यावयाच्या असतील, तर बाहेर काडीसारखा अँटेना असलेला घ्यावा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणास दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता आवश्यक असते. म्हणून रस्त्यावरील निनावी वस्तूपेक्षा पावतीसह मिळणारी वस्तू घेणे इष्ट.

बसविण्याची पद्धत

एक, अडॅप्टर खोचण्यापूर्वी त्याची चालक आज्ञावली मिळवावी. इंटरनेटसाठी आज्ञावली हवी आणि आज्ञावलीसाठी इंटरनेट हवे, असा पेच येथे निर्माण होतो. दुसऱ्या संगणकावर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्यास हा पेच सुटतो. भ्रमणध्वनी यूएसबी तारेने संगणकाला जोडून तात्पुरते इंटरनेट घेण्याचा मार्गही उपलब्ध असतो.

दोन, अडॅप्टर संगणकाच्या मागील बाजूच्या खोबणीत खोचावा. तेथील खोबण मुख्य पटलावरच असते. पुढील खोबण आतील लांब तारेने जोडलेली असल्याने जुन्या यंत्रात तेथे विजेचा पुरवठा अपुरा पडू शकतो. यूएसबी २.० ची खोबण ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देते. अडॅप्टरला तेवढा पुरवठा स्थिर मिळावयास हवा.

तीन, काही अडॅप्टर प्रथम लहानशा सीडीसारखे पडद्यावर दिसतात व त्यातच आज्ञावली साठविलेली असते. ती बसविल्यावर संगणक एकदा बंद करून सुरू करावा.

चार, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील चिन्हावर दाबून उपलब्ध जाळ्यांची यादी उघडावी, आपले जाळे निवडावे व परवलीचा शब्द अचूक लिहावा.

जाळे यादीत दिसलेच नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ ओळखणाऱ्या अडॅप्टरला ५ गिगाहर्ट्‌झवर चालणारा हॉटस्पॉट दिसत नाही. भ्रमणध्वनीत तो पट्टा बदलता येतो. नव्या फोनमधील डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षापद्धती जुन्या अडॅप्टरला न पेलल्यास डब्ल्यूपीए २ निवडावी.

आणखी एक दोष वारंवार फसवितो. जाळे जोडलेले दिसते, परंतु प्रत्येक संकेतस्थळ 'असुरक्षित' असल्याचा इशारा देते. अशा वेळी संगणकाची तारीख पाहावी. मुख्य पटलावरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली की, यंत्र बंद होताच घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला चुकीची वाटतात. ही बॅटरी बदलणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे. दोष मात्र विनाकारण अडॅप्टरवर टाकला जातो.

भिंती, पत्रे आणि जागा

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर असते. पहिली भिंत ओलांडण्यात सरस, दुसरी वेगात सरस. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या दगडी व मातीच्या रुंद भिंती लहरी शोषून घेतात आणि पत्र्याचे छत त्या परावर्तित करते. त्यामुळे अशा इमारतींत २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अधिक भरवशाचा ठरतो.

संगणकाची लोखंडी पेटीही लहरींना अडथळा करते. पेटीमागे भिंतीला चिकटलेला अडॅप्टर म्हणूनच दुबळा वाटतो. एक-दोन मीटरची यूएसबी वाढीव तार घेऊन तो टेबलावर उंच ठेवल्यास पुष्कळदा नवा अडॅप्टर घ्यावा लागत नाही. यूएसबी ३.० च्या खोबणीत चालणारी बाह्य डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये गोंगाट निर्माण करते, म्हणून ती व अडॅप्टर शेजारी-शेजारी खोचू नयेत.

राउटर ग्रामपंचायतीत आणि संगणक रस्त्यापलीकडील शाळेत असेल, तर लहान अडॅप्टरकडून अपेक्षा ठेवू नये. तेथे बाहेर बसविण्याचे दिशादर्शी उपकरण अथवा फायबर हाच योग्य मार्ग होय. त्याच इमारतीत, शंभर मीटरच्या आत तार नेणे शक्य असेल, तर साधी नेटवर्क तार आजही सर्वांत स्थिर जोडणी देते. मात्र वळवाच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा तांब्याच्या लांब तारेत येणारा विद्युत्‌दाब यंत्राला इजा करू शकतो. बिनतारी जोडणीत हा एक मार्ग बंद होतो. वीजपुरवठ्याचा मार्ग उरतोच, म्हणून गडगडाट सुरू होताच प्लग काढून ठेवणे श्रेयस्कर.

सुरक्षिततेचा प्रश्न

जो संगणक आजवर एकाकी होता, तो जोडणीनंतर जगासमोर उघडा पडतो. विंडोज एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप व नवा प्रक्रियक जुन्या यंत्रांत बहुधा नसतो. सुधारणा बंद झालेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे किंवा ग्रामस्थांचे आधार क्रमांक साठविणे धोक्याचे आहे. एका संगणकाच्या जपणुकीपायी शेकडो कुटुंबांची माहिती पणाला लावणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही.

यावर लायनक्स हा विनामूल्य पर्याय आहे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही त्यातील भारतीय प्रणाली मराठीतही वापरता येते. लायनक्सच्या अनेक प्रकारांची चाचणी पेनड्राइव्हवरून, संगणकातील काहीही न पुसता घेता येते. त्याच चाचणीत अडॅप्टर ओळखला जातो की नाही, हेही कळते. सुमारे २ गिगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रासाठी हलका प्रकार निवडावा. मूळ नोंदींची प्रत अन्यत्र काढल्याशिवाय प्रणाली बदलू नये.

राउटरचा मूळ परवलीचा शब्द बदलणे, डब्ल्यूईपी ही २००१ पासूनच भेद्य ठरलेली जुनी पद्धती न वापरणे आणि परवलीचा शब्द भिंतीवर न लिहिणे, ही पथ्ये संस्थांनी पाळावीत.

उपयोग आणि मर्यादा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानाधारित कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. शाळेतील एका जोडलेल्या संगणकावरून तो उतरवून फलकावर लावला, तर ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या शेतकऱ्यालाही पेरणी व फवारणीचा निर्णय घेताना आधार मिळतो. विद्यार्थ्यांना अर्जांसाठी शहरातील दुकानावर अवलंबून राहावे लागत नाही.

तथापि प्रत्येक जुने यंत्र जगविलेच पाहिजे, असा आग्रह नसावा. हलकी प्रणाली घालूनही जे यंत्र पान उघडण्यास मिनिटे घेते, ज्याचा वीजपुरवठा वारंवार बंद पडतो, त्यावर खर्च करणे अनाठायी होय. असे यंत्र भंगारवाल्यास न देता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवावे. कारण त्यातील शिसे अखेरीस गावच्याच मातीत व पाण्यात मिसळते.

उर्वरित यंत्रांसाठी मात्र आधी तपासणी, मग मूळ नोंदींची प्रत, नंतर प्रणाली आणि शेवटी अडॅप्टर हा क्रम पाळावा. प्रथम एकच अडॅप्टर आणून एका संगणकावर आठवडाभर चालवून पाहावा. तो नीट चालला, तरच उरलेल्या यंत्रांसाठी मागणी नोंदवावी. हे काम शाळेतील शिक्षक किंवा ग्रामपंचायतीतील संगणकचालक वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांना सोबत घेऊन करू शकतात. त्यातून संगणक तर पुन्हा सुरू होतोच, शिवाय पुढील दुरुस्ती गावातच करू शकणारे हातही तयार होतात.