जिला भेटायला कोणी येत नाही, तिची खाट बघ

मालवण, आषाढ

चि. बाय,


तू पाठवलेले तिन्ही वृद्धाश्रमांचे फोटो नीट बघितले. माडांची रांग, नवा रंग दिलेल्या भिंती, दारातली तुळस, हॉलमध्ये ओळीनं बसवलेली म्हातारी माणसं. एवढ्यावरून वहिनींना, तुझ्या आईला, कुठे ठेवायचं हे मला सांगता येणार नाही आणि तुलाही ठरवता येणार नाही.

आधी मनातला तो सल बाजूला ठेव. आईला आपण टाकतोय असं तू फोनवर म्हणालीस. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, विसर वाढत चाललेला, रात्री दोन-तीनदा धरून उठवावं लागतं. हे एका माणसाचं काम नाही. नोकरी सांभाळून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तुला ते झेपणार नाही आणि माझ्या गुडघ्यांनी आता मला कुणाला उचलवत नाही. सल मनात घेऊन जागा बघायला गेलं की माणूस स्वतःला बरं वाटेल अशी जागा पसंत करतो. आपल्याला वहिनींना बरं वाटेल अशी हवी आहे.

अशी जागा शोधणारं आपलं एकच घर नाही. 2001 साली आपल्या जिल्ह्यात 8,68,825 माणसं होती, 2011 च्या जनगणनेत 8,49,651. तरणी मुंबई-पुण्याला नाहीतर गोव्यात गेली, चिऱ्यांच्या मोठाल्या घरांत म्हातारी उरली. पणदूरचा संविता आश्रम, असलद्याचा दिविजा वृद्धाश्रम ही नावं तू ऐकली आहेसच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असं लिहिलं आहे. पण आश्रमाच्या आत सेवा कशी असावी याचे किमान निकष ठरवणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, ते कायद्यापर्यंत पोचलंच नाही. तेव्हा तुझा भाऊ न्यू जर्सीहून जे 'रेटिंग' विचारतो, ते इथे कुणी देत नाही. तिकडे 2008 पासून अशा जागांना एक ते पाच तारे मिळतात हे खरं. पण ते तारे ज्या माहितीवर ठरत, तिच्यातली बरीचशी माहिती त्या जागाच भरून देत, आणि त्यावरून तिकडेही बरीच टीका झाली. डोळ्यांनी बघणं त्याला चुकणार नाही आणि आपल्यालाही.

बघायचं कसं, ते सांगते. बैरूतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन नावाचे डॉक्टर होते. सेवेचा दर्जा तीन ठिकाणी शोधावा, असं त्यांनी 1966 साली मांडलं: तिथे काय काय आहे, तिथे प्रत्यक्षात काय केलं जातं, आणि त्यातून माणसाचं काय होतं. फोटोत यातलं फक्त पहिलं दिसतं, आणि बहुतेक नातेवाईक तेवढंच बघून पैसे भरतात. तू शेवटच्यापासून सुरुवात कर. माणसाचं काय झालंय ते आधी बघ.

ज्या बाईचा मुलगा दर रविवारी येतो, तिची वेणी घातलेली असणारच. तिच्याकडे बघून तुला काही कळणार नाही. हॉलच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून पडलेली, जिला भेटायला कोणी येत नाही आणि जिला तक्रार करता येत नाही, तिच्या खाटेशी जा. परक्या बाईची पाठ उघडून बघायचा अधिकार तुला नाही, तिची लाज तिला आहे. पण टाचा दिसतात, ओठ दिसतात, नखं दिसतात. टाचेला काळसर डाग किंवा फोड आहे का? ओठ सुकून चिरलेत का? तोंडात अन्न तसंच राहिलंय का? डोक्याला या आठवड्यात तेल लागलंय का? उद्या वहिनींना बोलता येईनासं झालं की त्यांची खाट तीच असणार आहे.

मग तिथल्या सिस्टरना सरळ विचार: सध्या कुणाला बेडसोअर आहे का, आणि तो इथे झाला की येतानाच होता? चांगल्या जागेतली सिस्टर चिडत नाही. हिला हॉस्पिटलमधून येतानाच कंबरेखाली जखम होती, आता भरत आलीय, असं सांगते आणि कूस बदलल्याची वही दाखवते. पंधरा-वीस माणसं अंथरुणाला खिळलेली असताना "आमच्याकडे कुणालाच नाही" असं पटकन उत्तर आलं, तर तीच वही मागून घे. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. वहीत सगळ्या रात्रींच्या नोंदी एकाच शाईनं, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर समजून जा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 1859 सालीच लिहून ठेवलंय की अशी जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. आम्हाला नर्सिंग शिकवताना गोऱ्या कातडीवरचा लालपणा दाखवत. आपल्या सावळ्या कातडीवर तो उशिरा दिसतो. म्हणून हात लावून बघायचं: माकडहाडावरची, टाचेवरची जागा गरम लागते का, घट्ट झालीय का. वहिनींच्या बाबतीत हे तू स्वतः करायचंस.

जेवणाच्या वेळेला जा. ऑफिसातल्या चहाला बसू नकोस, पंगतीत बस. उकड्या तांदळाची पेज असेल, बांगड्याची कढी असेल, आपल्या माणसाला त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पण काटे कोण काढून देतं ते बघ. भरवाव्या लागणाऱ्या माणसाला निवांत भरवायला अर्धा तास तरी जातो. एक मावशी अर्ध्या तासात सहा जणांना भरवत असेल तर अर्धं अन्न वाटीतच परत जाणार, उरलेलं घाईनं घशात. वहिनींना पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो, म्हणजे त्यांना पाठ उभी करूनच भरवायला हवं आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करता कामा नये. आडवं करून पेज पाजली की ती श्वासनळीत उतरते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया झाला म्हणून फोन येतो. पाण्याकडेही लक्ष दे. म्हातारपणी तहान लागल्याचं कळत नाही, मागितलं नाही म्हणून दिलं नाही हे कारण चालत नाही. रात्री चादर ओली होऊ नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच न देणाऱ्या जागा मी बघितल्या आहेत. त्यांच्या चादरी कोरड्या असतात आणि माणसं सुकलेली.

खाटेच्या कठड्याला सुती पट्टी किंवा जुन्या साडीची पट्टी बांधलेली दिसली तर विचार, ही कशाला? पडू नये म्हणून बांधतो, असं सांगतील, आणि ते मनापासूनही सांगत असतील. अमेरिकेतही पूर्वी वृद्धांना खुर्चीला, खाटेला सर्रास बांधत. 1987 च्या कायद्यानं न बांधलं जाण्याचा हक्क दिला आणि ती पद्धत पुष्कळ कमी झाली. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, जास्त वाईट पडतो, आणि न हलल्यानं त्याचे पाय जातात ते जातातच. गोळ्यांनी बांधणं त्याहून वाईट, कारण ते दिसत नाही. सकाळी अकरा वाजता अख्खा हॉल माना टाकून झोपलेला असेल, तर झोपेची औषधं कोणत्या डॉक्टरांनी लिहिली आणि ती पुन्हा कधी तपासली, हे विचारल्याशिवाय तिथून उठू नकोस.

आता तू म्हणतेस दिवाळीनंतर, हवा चांगली झाली की जागा बघायला येते. तसं करू नकोस, पावसातच ये. आपल्याकडची जागा पावसात उघडी पडते. चार-चार दिवस ऊन नाही, तेव्हा चादरी वाळवतात कुठे? दमट कपडे अंगावर चढले की काखेत, जांघेत कातडी सोलते. खळ्यात, न्हाणीघराच्या पायरीवर शेवाळ धरलंय का? लाईट गेली की एअर बेड बसतो, पंप बंद होतो, ऑक्सिजनचं मशीन थांबतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आपल्याकडे दिवसच्या दिवस वीज नव्हती, तुला आठवत असेल. तेव्हा तुम्ही काय केलंत, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचार. ज्यांनी खरंच निभावलं ते पाणी कुठून आणलं, कुणाला कुठे हलवलं हे भरभरून सांगतील.

आणि चवथीत जा. चवथीला कोकणातला माणूस कामावर थांबत नाही, मावश्यांच्या घरीही गणपती असतो. त्या पाच दिवसांत, तेही रात्री, किती जणी हजर आहेत ते मोज. एरवी माणसं पुरेशी आहेत असं कुणीही सांगेल.

मावश्यांशी बोल, त्यांना नाव विचार, किती वर्षं आहात विचार. दर तीन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर पगार वेळेवर होत नाही किंवा वागणूक बरी नाही, आणि त्याचं माप शेवटी खाटेवरच्या माणसाच्या पदरात पडतं. मालवणी बोलणारी एक तरी बाई असावी हा माझा हट्ट समज. विसर पडत जातो तसं शाळेत शिकलेलं आधी जातं, आईकडून आलेलं मागे राहतं. वहिनी परवा मला "माका घराक जावचा आसा" असं सारखं म्हणत होत्या. त्यांना "जेवलंस काय गो?" असं विचारणारं कुणी असलं तर घास तोंडात जाईल.

पैशांचं लेखी घे: डायपर वेगळे का, अनामत परत कधी, अचानक दुखलं तर 108 बोलावून मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात, ओरोसला किंवा बांबोळीला सोबत कोण जाणार. तुला यायला रात्र जाईल, तोवर त्यांच्याजवळ कोण बसणार हे नावानिशी ठरलेलं हवं.

ठेवल्यावरही हे काम संपत नाही. दर महिन्याला वजन करून तुला कळवायला सांग. वहिनी पंचेचाळीस किलोच्या आहेत. एका महिन्यात दोन किलोंहून जास्त उतरल्या तर डॉक्टरांना दाखवायचंच, वय झालं म्हणून सोडून द्यायचं नाही. भेटीची वेळ ठरवून जाऊ नको, आणि रविवार सोडून जा. काही खटकलं तर आधी सिस्टरशी, मग चालकांशी शांतपणे बोल, बहुतेक गोष्टी तिथेच सुटतात. नाहीच सुटल्या तर ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 हा क्रमांक आहे, आणि वहिनींना तिथून हलवायचीही तयारी ठेव.

तिन्ही जागांची पहिली फेरी मी करते, शेजारची रिक्षा सांगून ठेवली आहे. तू चवथीला येशील तेव्हा दुसरी आपण दोघी करू. तोवर वहिनींचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी आणि ठसक्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते पाठव. मला प्रत्येक ठिकाणी ते दाखवून विचारायचंय.

तुझी
आते