भाडेकरू एक, मुक्काम अनेकांचा

घर कराराने एका माणसाला द्यावं आणि त्यात दर शनिवार-रविवारी वेगळंच कुटुंब उतरावं, हा प्रकार पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना आता नवा राहिलेला नाही. भाडेकरू मालकाला महिन्याचं भाडं देतो, फ्लॅटचे फोटो एखाद्या संकेतस्थळावर चढवतो आणि पाहुण्यांकडून रात्रीच्या हिशोबाने पैसे घेतो. मालकाच्या खात्यात भाडं वेळेवर पडत असतं, त्यामुळे त्याला शंका यायचं कारणच उरत नाही.

कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना ती शंका आली सोसायटीच्या सेक्रेटरींच्या फोनमुळे. बाईंचा पुण्यात विमाननगरला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. भाडेकरू आयटीत नोकरी करणारा तरुण, करार नोंदणीकृत, तक्रार कसलीच नाही. तुमच्याकडे रोज नवी माणसं कोण येतात, एवढंच सेक्रेटरींनी विचारलं. त्या मुलाचे नातेवाईक असतील, असं बाईंना वाटलं. पण भाच्याने त्या भागातल्या घरांच्या जाहिराती चाळल्या, तेव्हा एक स्वयंपाकघर ओळखीचं निघालं. अशा जाहिरातीत नेमका पत्ता दिसत नाही. तो आरक्षण झाल्यावर पाहुण्याला कळतो. बाईंनी आपलं घर ओळखलं ते ओट्यामागच्या निळ्या टाइल्सवरून आणि खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या इमारतीच्या टाकीवरून. खाली पाहुण्यांचे अभिप्राय होते, महिन्या-वर्षासकट. पहिला अभिप्राय करार झाल्यावर थोड्याच दिवसांत लिहिलेला होता.

त्यांच्या यजमानांना त्याच रात्री पुण्याला जाऊन कुलूप बदलायचं होतं. वकिलांनी दोघांना थांबवलं. ते थांबणं सर्वांत मोलाचं ठरलं, असं बाई आजही सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला भाडेकरूचं पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस ताबा परत मिळवण्यासाठी सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊ शकतो. तिथे मालकी कोणाची हा मुद्दा उरतच नाही. कायद्याची रीत सोडून ताबा घेतला का, एवढंच पाहिलं जातं. म्हणजे करार मोडला भाडेकरूने आणि आरोपी झाला मालक, असं व्हायला एक संतापलेली रात्र पुरते.

त्याऐवजी पुरावा जमवायचा. पोटभाडेकरूचे जुने दावे वर्षानुवर्षं चालत, कारण मालकाला दोन गोष्टी दाखवाव्या लागत: तिसऱ्या माणसाकडे जागेचा स्वतंत्र ताबा गेला आणि त्याबदल्यात पैसे मिळाले. पैशांचा व्यवहार बंद दाराआड होई. रात्रीच्या भाड्याचा आजचा धंदा मात्र स्वतःच आपला माग ठेवतो. जाहिरातीतले फोटो, एका रात्रीचा दर, भरलेल्या तारखांचं कॅलेंडर, अभिप्राय, सगळं उघड्यावर असतं. नोटीस गेली की जाहिरात काही मिनिटांत नाहीशी होते, म्हणून नोटिशीआधी प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि त्यावर पानाचा दुवा व तारीख दिसेल असं पाहावं. हे कागद कोर्टात चालायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकिलांकडून वेळीच करून घ्यावं. सोसायटीच्या गेटवरच्या नोंदी आणि सीसीटीव्हीचं चित्रण लेखी अर्ज देऊन जपून ठेवायला सांगावं. हे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मग हळहळून काही उपयोग नसतो.

भाडेकरूचं उत्तर ठरलेलं असतं. मी इथेच राहतो, ते माझे पाहुणे आहेत, मी कोणाला घर भाड्याने दिलेलं नाही. बाईंच्या भाडेकरूनेही हेच लिहून कळवलं.

हाच युक्तिवाद ऑस्ट्रेलियात वरच्या कोर्टापर्यंत गेला होता. मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातल्या एका फ्लॅटचे भाडेकरू तो एअरबीएनबीवरून पाहुण्यांना देत होते. मालकिणीने घर रिकामं करून मागितलं. २०१६ च्या सुरुवातीला तिथल्या न्यायाधिकरणाने भाडेकरूंच्या बाजूने कौल दिला: पाहुण्यांना नुसती राहायची परवानगी आहे, भाडेपट्टा नाही, म्हणून हे पोटभाडं नव्हे. जून २०१६ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पूर्ण फ्लॅट पाहुण्यांच्या हाती गेला, त्या मुक्कामापुरता ताबा त्यांचाच होता, तेव्हा मुदत दोन-चार रात्रींची असली तरी तो भाडेपट्टाच, असं न्यायमूर्ती क्रॉफ्ट यांनी ठरवलं. हा निकाल एअरबीएनबीच्या धंद्याच्या बऱ्यावाईटाबद्दल नाही, या एका कराराबद्दल आहे, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं.

महाराष्ट्रात ही पळवाट मुळात इतकी रुंद नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २६ भाडेकरूला पोटभाड्याने देण्यास मनाई करतं आणि परवाना देण्यासही. करारात तशी मोकळीक असेल तरच गोष्ट वेगळी. कलम १६ प्रमाणे असं वर्तन हे घर परत मागण्याचं कारण ठरतं. शहरातली बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर जातात, आणि तिथे तर १८८२ चा इंडियन ईझमेंट्स ॲक्ट लागू होतो. त्याच्या कलम ५६ प्रमाणे राहण्याचा असा परवाना दुसऱ्याच्या हाती देताच येत नाही.

लिव्ह अँड लायसन्सचं वळण आपल्याकडे आलं तेच धास्तीपोटी. १ फेब्रुवारी १९७३ रोजी मुंबईत जे परवान्याने राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचं संरक्षण दिलं. घर दिलं की गेलं, ही भीती त्यानंतर घराघरांत मुरली, आणि आजही कित्येक ज्येष्ठ मालक फ्लॅट वर्षानुवर्षं बंद ठेवतात ते त्यामुळेच. आता ती भीती बाळगायचं कारण नाही. करार नोंदणीकृत असेल आणि मुदत संपूनही राहणारा हलला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती पैशांची नाही. आपल्या घरात आज रात्री कोण झोपलं आहे हे मालकाला माहीत नसतं, पण काही विपरीत घडलं तर पोलीस पहिल्यांदा येतात ते मालकाकडे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यावी असे आदेश पोलीस आयुक्त काढतात. ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. परदेशी पाहुणा मुक्कामाला असेल तर जागा देणाऱ्याने २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायचं असतं. चोरून पाहुणे ठेवणारा भाडेकरू हे करेल, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. संकेतस्थळाची नुकसानभरपाई योजना असते, पण ती घर नोंदवणाऱ्या यजमानासाठी. फुटलेल्या बेसिनचे पैसे भाडेकरूला मिळतील, मालकाला नाहीत.

न्यूयॉर्कने यावर सरकारी तोडगा काढला. ५ सप्टेंबर २०२३ पासून तिथे ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाची महापालिकेकडे नोंदणी लागते, यजमानाने स्वतः घरात असावं लागतं आणि पाहुणे दोनच. शिवाय आपली इमारत निषिद्ध यादीत घालायला मालक सांगू शकतात. मग तिथल्या भाडेकरूला नोंदणी मिळतच नाही. पुण्यातल्या मालकाच्या हाती अशी यादी नाही. त्याच्या हाती करारच आहे, म्हणून तो नीट लिहिलेला हवा.

बाईंच्या करारात पोटभाडेकरू ठेवू नये एवढं एकच वाक्य होतं. वकिलांनी त्याच्या आणि पुराव्याच्या आधारे नोटीस पाठवली. भाडेकरूने आधी नाकारलं, स्क्रीनशॉट पाहिल्यावर मात्र मुदतीआधी घर सोडायला तो तयार झाला. दुरुस्तीचा खर्च अनामतीतून वळता झाला. प्रकरण कोर्टात न जाता मिटलं, पण मधले आठवडे बाई आणि यजमान दोघांनाही झोप नव्हती.

आता त्यांच्या नव्या करारात बरंच काही आहे. राहणाऱ्यांची नावं. पैसे घेऊन वा न घेता, एका रात्रीसाठीही, कोणत्याही संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून पाहुणे ठेवायचे नाहीत. घराचे फोटो जाहिरातीत वापरायचे नाहीत. मालकाला न विचारता कुलूप बदलायचं नाही; पाहुण्यांना किल्ली न देता आत घेण्यासाठी आकड्यांचं कुलूप बसवतात, तेव्हा ही अट क्षुल्लक नव्हे. एक दिवस आधी कळवून मालक घर पाहू शकतील. आणि लॉक-इनचा, म्हणजे करार मधेच न मोडण्याचा, काळ चालू असला तरी यातली अट मोडल्यास नोटीस देऊन परवाना रद्द होईल. हे शेवटचं वाक्य बहुतेक छापील नमुन्यांत नसतं, आणि नेमकं तेच अडचणीत कामी येतं.

नोंदणी मात्र टाळू नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून घातक म्हणजे, अटी काय होत्या याबद्दल उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं खरं मानलं जातं. शहरात नोंदणी शुल्क १००० रुपये आहे आणि मुद्रांक एकूण रकमेच्या पाव टक्का. एवढ्याशा पैशांसाठी आपली सगळी बाजू सोडून देणारे मालक पाहिले की वाईट वाटतं.

भाडेकरूंनाही सांगणं आहे. दिवाळीत गावी जाताना घर चार दिवस देऊन थोडे पैसे सुटावेत, असं वाटणं समजू शकतं. शहरातलं भाडं जड आहे. पण मग मालकाला विचारा, त्याची संमती लेखी घ्या, सोसायटीला कळवा आणि पाहुण्यांची ओळखपत्रं ठेवा. काही मालक वाटा ठरवून हो म्हणतात. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्या घरात हे करू नका.

मालकांनी यंदा करार नव्याने करताना एजंटने आणलेला मसुदा घरी बसून सावकाश वाचावा. अल्प मुक्कामाच्या पाहुण्यांबद्दल त्यात एक अक्षर नसेल तर अंगठ्याचा ठसा देण्याआधी ते कलम घालून घ्यावं. ऑनलाइन नोंदणीतही अशा जादा अटी लिहिता येतात. एजंट नको म्हणाला तरी आग्रह सोडू नये.