कर्सर भलतीकडे जातो तेव्हा

मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. पूर्वी हे काम कागदावर लाल पेनाने व्हायचं. आता बहुतेक सगळं लॅपटॉपवर होतं, इन्स्क्रिप्ट कळफलकावर. मध्यंतरी लॅपटॉपची कार्यप्रणाली अपग्रेड केली आणि तेव्हापासून टचपॅड विलक्षण हळवा झाला. टाइप करताना अंगठ्याखालचा तळहात नुसता घासून गेला तरी कर्सर दोन ओळी वर नाहीतर परिच्छेदाच्या शेवटी जाऊन बसायचा. बोट सरकवायला म्हणून ठेवावं तर क्लिक व्हायचं. दिवसाला दोन मेल लिहिणाऱ्याला ही कटकट वाटेल. ज्यांचं पोट मजकुरावर आहे त्यांचं मात्र यात खरं नुकसान होतं, आणि ते लगेच दिसतही नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इन्स्क्रिप्टमध्ये काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना स्वतंत्र कळा आहेत. कर्सर ज्या अक्षरामागे असेल त्याला ते चिन्ह जाऊन चिकटतं. मोकळ्या जागी पडलं तर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, ते निदान डोळ्यांना खुपतं. पण 'मत' या शब्दात काना पडला की 'मात' होतो, 'वर'चा 'वार' होतो, 'कर'चा 'कार'. हे सगळे मराठीत नांदणारे शब्द. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम काही बोलत नाही आणि चूक थेट छापखान्यात पोहोचते. दुसरा धोका याहून मोठा आहे. दोनदा टेकवून बोट ओढलं की मजकूर सिलेक्ट होतो, अशी सोय बऱ्याच टचपॅडवर असते. तळहाताकडून नकळत तीच खूण झाली तर अख्खा परिच्छेद सिलेक्ट होतो आणि पुढची कळ दाबताच पुसला जातो. तेव्हाच लक्षात आलं तर कंट्रोल आणि झेड दाबून तो परत आणता येतो. नजर कळफलकावर असली तर लक्षातच येत नाही.

उपाय शोधण्याआधी आत काय चालतं ते थोडं समजून घेतलेलं बरं. बहुतेक टचपॅड स्पर्श ओळखतात ते दाबावरून नाही, विद्युतधारितेवरून. पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या बारीक वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली धारिता किंचित बदलते आणि चिप तो बदल सेकंदाला अनेकदा मोजत राहते. बदल किती झाला म्हणजे स्पर्श धरायचा, स्पर्श केवढा मोठा असला म्हणजे तो तळहात समजायचा, टायपिंग थांबल्यावर किती वेळ पॅडकडे दुर्लक्ष करायचं, हे सगळं चिपमधला प्रोग्राम, ड्रायव्हर आणि कार्यप्रणाली मिळून ठरवतात. अपग्रेडमध्ये यातला ड्रायव्हर बदलू शकतो आणि तुम्ही जुळवून घेतलेल्या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. विंडोजमध्ये २०१३ साली, ८.१ आवृत्तीच्या वेळी, 'प्रिसिजन टचपॅड' ही पद्धत आली. तिच्यात बोटांच्या खुणांचा अर्थ विंडोज स्वतः लावते. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक लॅपटॉपांवर हे काम सिनॅप्टिक्स किंवा एलान यांच्यासारख्या कंपन्यांचे ड्रायव्हर करत. त्यामुळे बोट तेच, पॅड तोच, तरी वागणं वेगळं, असं होऊ शकतं.

आता सगळ्यात आधी काय पाहायचं ते सांगते, आणि ते सेटिंग्जमध्ये नाही. बॅटरी पाहा. बऱ्याच लॅपटॉपांत लिथियमची बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली किंवा शेजारी असते. ती फुगली की पॅडला खालून रेटते आणि पॅड आपोआप क्लिक करू लागतो, नाहीतर दाबला जाईनासा होतो. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी असंच झालं. अपग्रेड आणि बिघाड एकाच सुमारास आले म्हणून घरातली मुलं कित्येक दिवस ड्रायव्हर बदलत बसली, आणि तोवर लॅपटॉप रात्र-रात्र चार्जिंगला लावलेला असायचा. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पॅडचा एखादा कोपरा बाकीच्या पृष्ठभागापेक्षा वर आलाय का, झाकण पूर्ण मिटतं का, काचेच्या किंवा सपाट फरशीवर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगतो का, एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. यातलं एकही दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि सेवा केंद्रात न्या. बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, आणि काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. ती ई-कचऱ्यातच गेली पाहिजे.

बॅटरी ठीक असेल तर सेटिंग्ज. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्या सुमारास अनेक घरांत विंडोज ११ आलं, म्हणून त्यातल्या जागा सांगते. 'सेटिंग्ज', त्यात 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', त्यात 'टचपॅड'. तिथे 'टॅप्स'वर टिचकी मारली की संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या दिसतात: 'मोस्ट सेन्सिटिव्ह', 'हाय', 'मीडियम', 'लो'. टायपिंगचं काम असेल तर सरळ 'लो' ठेवा. त्याखालचे दोन पर्याय मी आग्रहाने बंद करायला सांगेन: एका बोटाने टेकवून क्लिक, आणि दोनदा टेकवून ओढणं. पहिला बंद केला की क्लिक करायला पॅड खरोखर दाबावा लागतो. सुरुवातीला हाताला ते जड जातं, पण सवय लवकर होते. दुसरा बंद केला की परिच्छेद पुसला जाण्याची भीती बरीच कमी होते. माउस वापरत असाल तर 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड' या पर्यायाची खूण काढा. माउस जोडलेला असेपर्यंत पॅड झोपून राहील. कर्सरचा वेग आणि संवेदनशीलता या मात्र निराळ्या गोष्टी आहेत. वेग कमी करून नकळतचे स्पर्श थांबत नाहीत.

उबंटूसारखी लिनक्स प्रणाली असेल तर 'माउस अँड टचपॅड'मध्ये टायपिंग चालू असताना टचपॅड बंद ठेवण्याचा पर्याय चालू आहे ना ते पाहा. जुन्या 'सिनॅप्टिक्स' ड्रायव्हरसाठी कुणी हाताने लिहून ठेवलेल्या सेटिंग्ज नव्या 'लिबइनपुट'ला लागू होत नाहीत, हे तिथल्या गोंधळाचं नेहमीचं कारण.

एका वेळी एकच बदल करायचा आणि दर बदलानंतर तेच पान पुन्हा टाइप करून पाहायचं, हा नियम मी पाळला. त्यानेच पुढचा धागा हाती लागला. सेटिंग्ज जुळवल्यावर माझा त्रास निम्म्याहून कमी झाला, पण संपला नाही. मग दिसलं की गच्चीत बसून काम केलं तर टचपॅड शहाण्यासारखा वागतो आणि टेबलाशी बसलं की पुन्हा कर्सर थरथरतो. गच्चीत लॅपटॉप बॅटरीवर चालायचा, टेबलाशी चार्जरवर. चार्जर काढला की थरथर थांबे, लावला की सुरू होई.

ही तपासणी कुणीही करू शकतं, आणि आपल्याकडच्या घरांत ती केलीच पाहिजे असं मला वाटतं. अडॅप्टर घरातल्या २३० व्होल्टच्या एसी प्रवाहातून लॅपटॉपला लागणारा डीसी तयार करतो. हे करताना आत फार वेगाने चालू-बंद होणाऱ्या मंडलांमुळे थोडा विद्युत गोंगाट निर्माण होतो. तीन पिनांच्या जोडणीत त्या गोंगाटाला अर्थिंगमधून जमिनीत उतरायला वाट असते. वाट नसेल तर तो लॅपटॉपमध्येच राहतो आणि तुमचं बोट पॅडला लागलं की चिपच्या मोजणीत मिसळतो. बोट स्थिर असतं, चिपला ते हललेलं दिसतं. धातूच्या झाकणावरून हाताची मागची बाजू हलकेच फिरवताना झिणझिण्या आल्यासारखं वाटलं, आणि पायात चप्पल असली की ते कमी झालं, तर संशय अर्थिंगवर घ्यावा.

आमचं घर जुनं आहे. भिंतीवरच्या बोर्डाला तीन भोकांचं सॉकेट आहे, पण वायरमनने ते उघडून दाखवलं तेव्हा वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नव्हती. मीटरजवळच्या अर्थिंगपासून नवी हिरवी वायर ओढून घेतली आणि कर्सरची थरथर गेली. मग अपग्रेडनंतरच हे का जाणवलं? माझा निष्कर्ष असा की जुना ड्रायव्हर बारीकसे बदल गाळून टाकत होता, नवा ते स्पर्श म्हणून मोजू लागला. गोंगाट आधीपासून होताच. अपग्रेडमुळे तो दिसायला लागला, आणि त्या निमित्ताने घरातलं एक धोकादायक सॉकेट सापडलं, ही गोष्ट मला टचपॅडपेक्षा मोठी वाटते. त्याच बोर्डावर आम्ही इस्त्री लावत होतो.

वायरमनला बोलवाल तेव्हा एका गोष्टीवर लक्ष ठेवा. अर्थिंगची वायर नसली तर सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून काम भागवणारे भेटतात. तसं करू देऊ नका. पुढे कुठे न्यूट्रल तुटली तर उपकरणाच्या धातूच्या अंगात थेट करंट येतो. तीन पिनांच्या वायरीची तिसरी पिन तोडणं किंवा तिला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणं हेही त्याच जातीचं. आणि अडॅप्टर बाजारातला स्वस्त पर्यायी असेल, तर कुणाचा तरी त्याच मॉडेलचा मूळ अडॅप्टर घटकाभर लावून पाहा. कित्येकदा तेवढ्यानेच फरक कळतो.

पावसाळ्यात हाताला घाम आणि हवेत ओल असते, तेव्हा पॅड कोरड्या मऊ कापडाने पुसून काम सुरू केलेलं चांगलं. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

राहिला ड्रायव्हर. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून टचपॅडच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' हे पान पाहा. तिथे 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत असेल तर आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर आधीचा ड्रायव्हर साठवलेला नाही असं समजा. मग लॅपटॉपच्या तळाशी छापलेलं नेमकं मॉडेल पाहून उत्पादकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्या. विंडोज ११ला अपग्रेड केल्यानंतर जुन्या आवृत्तीवर परत जायची मुभा साधारणपणे १० दिवसच असते. तेवढ्या काळात डिस्क मोकळी करण्यासाठी 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर पुसलात तर तीही जाते. म्हणून अपग्रेड झाल्या-झाल्या साफसफाई करू नका. आधी पहिले काही दिवस नेहमीचं काम करून पाहा.

ड्रायव्हर शोधताना सगळ्यात मोठी फसवणूक होते. शोधयंत्रात टचपॅडची तक्रार टाकली की 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारे प्रोग्राम आणि कंपनीच्या नावाने लावलेले मदतीचे खोटे नंबर समोर येतात. फोन केला की पलीकडचा माणूस स्क्रीन ताब्यात देणारं ॲप टाकायला सांगतो, आणि मग तो तुमच्या बँकेच्या खात्यापर्यंत जाऊ शकतो. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा, कारण कर्सर आपोआप हलताना पाहून ते आधीच घाबरलेले असतात. 'तुमचा लॅपटॉप हॅक झालाय' हे वाक्य त्यांना पटकन खरं वाटतं. पैसे गेलेच तर वाट न पाहता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर नोंद होईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

त्रासाच्या काळात ज्या फाइलींवर काम झालं, त्या तशाच पुढे पाठवू नका. माझ्याकडे अपग्रेडच्या आधीची प्रत होती. वर्डमधल्या 'कंपेअर'ने जुनी आणि नवी प्रत समोरासमोर ठेवली, आणि मी न केलेले बदल एकेक करून दिसू लागले: एका ओळीत उपटलेला अनुस्वार, दुसरीकडे जोडशब्दाची दोन शकलं, एका संवादातून पूर्ण नाहीसं झालेलं वाक्य. ते वाक्य लेखिकेने फार विचाराने लिहिलेलं होतं. जुनी प्रत नसती तर ते कुणाच्याच ध्यानात आलं नसतं. तेव्हापासून मी दिवसाच्या कामाची प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवते आणि शेवटचं वाचन माउस जोडून, टचपॅड बंद करूनच करते.

एवढं करूनही पॅड सुधारला नाही तर सेवा केंद्र गाठायचं. जाताना कागदावर लिहून न्या: त्रास बॅटरीवर असताना होतो की फक्त चार्जरवर, बाहेरचा माउस लावून पॅड बंद केल्यावर थांबतो का, अपग्रेडच्या आधी होता का, कोणती सेटिंग बदलल्यावर किती फरक पडला. नुसतं 'टचपॅड बिघडलाय' म्हटलं तर पॅड बदलून मिळेल, बिलही येईल, आणि दोष घरच्या सॉकेटमध्ये असेल तर घरी आल्यावर कर्सर पुन्हा थरथरेल. लॅपटॉप हाती देण्याआधी फाइलींची प्रत काढून घ्या, आणि पासवर्ड कागदावर लिहून देण्याऐवजी तपासणीसाठी एक वेगळं खातं उघडून द्या.