गुडघ्यामागची ठोके देणारी गाठ

गाडीच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगा आलेला आपण पाहतो. तिथला रबर कमजोर झालेला असतो. पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीलाही असाच फुगा येतो, आणि तो बहुधा गुडघ्यामागच्या लवणीत. एरवी ७ ते ९ मिलिमीटर जाडीची ही नळी फुगून २ सेंटिमीटरवर गेली, की डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

हा फुगा सहसा फुटत नाही. भीती निराळीच आहे. पाटाचे पाणी जिथे संथ होते तिथे गाळ बसतो, तसे फुग्यात रक्त साकळते. त्याचे तुकडे सुटून पोटरीतल्या बारीक धमन्या बुजतात, नाहीतर अख्खी वाटच बंद होते. पाय एकाएकी असह्य दुखतो, गार नि पांढरा पडतो, बोटे हलेनाशी होतात. मग हातात साधारण ६ तास असतात. चोळत, शेकत बसू नका, गाडी काढा. उशीर झाला तर पाय कापण्याची पाळी येते.

रोगी बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष, त्यांत बिडी ओढणारे फार. लवणीत ठोके देणारी गाठ लागली तर सोनोग्राफी करावी. ती दुखत नाही. अशा गाठीला गळू समजून कोणाला चिरा मात्र देऊ देऊ नये! सुमारे निम्म्या रोग्यांत दुसऱ्या पायातही फुगा असतो, पुष्कळांच्या पोटातल्या महाधमनीतही. म्हणून दोन्ही पाय व पोट तपासायला आपणच सांगावे.

१७८५ साली लंडनला जॉन हंटर या सर्जनने एका घोडागाडीवानाची अशी गाठ न कापता मांडीतच धमनी बांधली. आजूबाजूच्या लहान धमन्यांनी रक्त पोचवले, पाय वाचला. आता रोग्याच्याच पायातली शीर काढून फुग्याला वळसा घालतात, जणू फुटलेल्या पाटाला बगल देऊन नवी चारी काढली. काहींना मांडीतून आत अस्तराची नळी बसवतात. मात्र सतत वाकणाऱ्या गुडघ्यात ती कधी दुमडते, बुजते. शीर चांगली असेल तर वळसाच जास्त टिकतो.

फुगा लहान असेल तर ठराविक मुदतीने सोनोग्राफी, रक्तदाबाची गोळी आणि बिडी बंद. मोठा असेल, आत गुठळी असेल, तर 'गाळप संपल्यावर बघू' म्हणू नये. पाय दुखत नसताना केलेली शस्त्रक्रिया बहुधा सुरळीत होते. पाय गार पडल्यावरची तशी नसते.