छायाचित्र पडद्यावर पुसट का होते?

जालना शहर बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जिल्ह्यातील मोसंबीलाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. आज बियाण्यांचा दुकानदार काय किंवा मोसंबीचा बागायतदार काय, आपल्या मालाचे छायाचित्र मोबाइलवर काढून दूरच्या गिऱ्हाइकाला दाखवतो. गिऱ्हाइकाच्या हाती माल नसतो, केवळ चित्र असते. बियाण्याच्या पिशवीवरील लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि उगवणशक्तीचा आकडा त्याला वाचता आला पाहिजे. पण काढताना स्वच्छ दिसलेली अक्षरे पुष्कळदा त्याच्या पडद्यावर पुसट दिसतात. असे का व्हावे? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

मोबाइलमधील छायाचित्र हे बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. आडवे ४००० आणि उभे ३००० बिंदू असतील, तर एकूण बिंदू १ कोटी २० लाख होतात. प्रत्येक बिंदूचा उजळपणा एका आकड्याने लिहिलेला असतो : ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. रंगीत चित्रात लाल, हिरवा व निळा यांसाठी तीन आकडे असतात. आपण सोयीसाठी एकच आकडा घेऊ.

आता हे चित्र पडद्यावर १००० बिंदूंच्या रुंदीत बसवायचे आहे. त्यासाठी ४ × ४ म्हणजे १६ बिंदूंच्या जागी एकच बिंदू येणार. त्याचा आकडा साधारणपणे त्या सोळांची सरासरी असतो. समजा, अक्षराची काळी रेघ दोनच बिंदू जाड आहे. मग सोळांपैकी ८ बिंदू काळे (२०) आणि ८ पांढरे (२००) असतील. सरासरी आली ११०. काळी रेघ राखाडी झाली! अक्षर पुसट होते ते असे.

वहीवर करून पाहा

काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरील सहा बिंदू घ्या :

२०, २०, २०, २००, २००, २००

काढताना हात हलला, तर शेजारचे बिंदू एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक बिंदूच्या जागी तो आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहा. टोकाचे बिंदू तसेच ठेवा.

२०, २०, ८०, १४०, २००, २००

कडा धूसर झाली. आता मोबाइलमधील ‘शार्प’ ही सोय काय करते ते पाहू. ती प्रत्येक बिंदूची शेजाऱ्यांसह सरासरी काढते, बिंदू त्या सरासरीहून जेवढा वेगळा असेल तेवढा फरक त्यात आणखी मिळवते. दुसऱ्या बिंदूची सरासरी ४०. तो २० ने कमी आहे, म्हणून आणखी २० वजा करा. सर्व बिंदूंना हा नियम लावला की मिळते :

२०, ०, ८०, १४०, २२०, २००

नीट पाहा. मधले ८० आणि १४० जसेच्या तसे राहिले! मूळची स्पष्ट कडा परत आली नाही. फक्त तिच्या एका बाजूस अधिक काळी आणि दुसऱ्या बाजूस अधिक पांढरी किनार आली. या किनारीमुळे डोळ्याला चित्र रेखीव वाटते. संगणकापूर्वीही छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत धूसर प्रत नकारात्मक फिल्मवर ठेवून हाच परिणाम साधत असत.

म्हणून हा उपाय मिठासारखा वापरावा. तो अति झाला, तर मोसंबीच्या सालीवरील बारीक छिद्रांभोवती किनारी येतात आणि निरोगी फळ डागाळलेले दिसते. उलट धूसर चित्रात खरे डागही लपतात. दोन्ही चित्रे गिऱ्हाइकाला चुकीचे सांगतात.

जेपेग काय टाकून देते?

चित्र लवकर पोचावे म्हणून ते जेपेग पद्धतीने आटोपशीर करतात. हे मानक १९९२ मधले. त्यामागील गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या भारतीय वंशाच्या तीन अभियंत्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. यात चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील ठळक चढउतार राखतात आणि अगदी बारीक चढउतार सोडून देतात. अक्षरांच्या कडा बारीक चढउतारांनीच बनतात. त्यामुळे फार आटवलेल्या चित्रात अक्षरांभोवती मळकट ठिपके दिसतात. तीच प्रत पुन्हा पुन्हा बदलून साठवली, तर नुकसान वाढत जाते.

मग क्रम कसा असावा?

१. मोबाइलची काच पुसा. भरपूर उजेडात, हात टेकवून चित्र काढा. लेबलाचे चित्र जवळून वेगळे काढा, म्हणजे अक्षराच्या रेघेला अधिक बिंदू मिळतील.

२. मूळ चित्र जपून ठेवा आणि काम त्याच्या प्रतीवर करा.

३. नको असलेला भाग कापा, मग चित्र एकदाच हव्या त्या मापाचे करा. लहान चित्र ताणून मोठे केल्याने नवा तपशील येत नाही.

४. रेखीवपणा थोडासा आणि शेवटी द्या. आधी दिला, तर लहान करताना तो सरासरीत विरून जातो.

५. फळाच्या चित्रासाठी जेपेग चांगले. भावपत्रकासारख्या केवळ अक्षरांच्या चित्रासाठी पीएनजी पद्धत वापरा. तीत काहीच गाळले जात नाही.

तात्पर्य, रेखीवपणाची खरी कमाई छायाचित्र काढतानाच होते. नंतर ती राखता येते, वाढवता येत नाही.

स्वाध्याय

१. ६०, ६०, ६०, १५०, १५०, १५० ही ओळ आधी धूसर करा, मग रेखीव करा. किनारीचे आकडे किती आले?

२. वरच्या उदाहरणातील शेवटच्या ओळीला तोच नियम पुन्हा लावा. दुसऱ्या बिंदूचा आकडा शून्याखाली जातो. शून्याहून काळे काय असणार? अशा वेळी चित्रातील कोणती माहिती नष्ट होईल, याचा वर्गात विचार करा.