पेनिसिलिन अ‍ॅलर्जीचा जुना शेरा: तपासावा कसा, पुसावा कसा

केस पेपरवर लाल शाईने ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ लिहिलेलं दिसलं की राउंडवर पुढे कुणी काही विचारत नाही, सरळ औषध बदलतात. अमेरिका-ब्रिटनमध्ये दाखल रुग्णांपैकी साधारण दहा टक्क्यांवर हा शेरा असतो. रीतसर तपासलं, तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना पेनिसिलिन चालतं. तोवर कुणाच्या रक्तातल्या स्टॅफिलोकोकससाठी तुलनेने कमी गुणकारी व्हँकोमायसिन लागतं, तर ऱ्हुमॅटिक तापाने झडप बिघडलेल्या एखाद्या मुलीचं दर तीन आठवड्यांचं बेन्झाथिन पेनिसिलिन बंद पडतं. म्हणून हा शेरा तपासणं हे उपचाराचंच काम आहे.

सगळ्यात जास्त वेळ विचारपूस करण्यात घालवा. “काकू, तेव्हा नेमकं काय झालं होतं?” इथून सुरुवात करा. कोणतं औषध, किती वर्षांपूर्वी, कितव्या डोसनंतर, पुरळ कसं होतं, ओठ-चेहरा सुजला का, दम लागला का, शुद्ध हरपली का, दाखल व्हावं लागलं का? लहानपणीचं असेल तर घरातल्या मोठ्यांना फोन लावा. नुसती मळमळ, जुलाब किंवा ‘आईलाही चालत नाही’ एवढंच असेल, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. मग जुन्या चिठ्ठ्या आणि औषधांची पिशवी बघा. ऑगमेंटिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्या प्रसंगानंतर ते त्रास न होता घेतलं असेल, तर शेरा तिथेच काढता येतो.

उरलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली ‘पेन-फास्ट’ गुणपद्धत वापरा. प्रतिक्रिया गेल्या पाच वर्षांतली असेल तर २ गुण. अ‍ॅनाफिलॅक्सिस, चेहऱ्या-ओठांची सूज किंवा त्वचेची गंभीर प्रतिक्रिया असेल तर २. उपचार करावे लागले असतील, किंवा ते आठवत नसेल, तर १. बेरीज ३ पेक्षा कमी आली तर धोका कमी. शून्य आली तर खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. ३ किंवा जास्त असेल तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवा.

गुण काहीही येवोत, कातडी सोलवटली होती, तोंडात-डोळ्यांत फोड आले होते, औषधाने यकृत वा मूत्रपिंड बिघडलं होतं किंवा रक्तपेशी फुटल्या होत्या, अशा रुग्णाला चाचणीचा डोस कधीही देऊ नका.

कमी धोक्याच्या रुग्णाला सगळं समजावून संमती घ्या. तो स्थिर असावा, अंगावर ताजं पुरळ नसावं, दमा आटोक्यात असावा आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आधीच काही दिवस थांबवलेल्या असाव्यात, नाहीतर प्रतिक्रिया झाकली जाते. डॉक्टर वॉर्डातच हवेत. ऑक्सिजन, सलाइन आणि अ‍ॅड्रेनलिन खाटेजवळ ठेवा. मोठ्या माणसासाठी १:१००० द्रावणाचं ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन नोंदवून अमॉक्सिसिलिन २५० किंवा ५०० मिलिग्रॅम तोंडाने, एकदाच द्या. किमान तासभर लक्ष ठेवा, अधूनमधून त्वचा बघा. आधी त्वचाचाचणी न करता थेट असा डोस देणं कमी धोक्याच्या रुग्णांत तितकंच सुरक्षित ठरतं, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅलेस’ चाचणीत दिसलं.

आपल्याकडे हातावर औषधाचा थेंब टोचून ‘टेस्ट डोस’ देण्याची सवय आहे. पुरेसं पातळ न केलेलं औषध नुसत्या दाहानेही लाल गांधी उठवतं, आणि त्यावरूनच नवा शेरा चिकटतो. त्या लालीवर विसंबून अ‍ॅलर्जी लिहू नका.

डोस पचला की नोंदी बदला. केस पेपर, संगणक, मनगटावरची पट्टी, डिस्चार्ज कार्ड यांतली एकही जागा सुटली, तर पुढच्या वेळी दाखल होताना शेरा परत येतो. कार्डावर ‘तपासलं, पेनिसिलिन चालतं’ असं तारीख, औषध आणि डोससकट लिहा. रुग्णाला आणि नातेवाइकांना तेच मराठीत सांगा, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्या. पुढच्या काही दिवसांत पुरळ उठलं तर फोटो काढून कळवायला सांगा. दम लागला, चेहरा सुजला किंवा तोंडात फोड आले, तर ताबडतोब जवळच्या रुग्णालयात जायला सांगा.